सही कोणाची?

अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाच्या वतीने सही करायचा आईवडिलांचा अधिकार संपतो. सज्ञान कोणाला म्हणायचं हे सांगणारा आपला कायदा १८७५ चा आहे, आणि तो फक्त वय बघतो. मुलाला बोलता येतं का, पन्नासची आणि पाचशेची नोट त्याला वेगळी ओळखता येते का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बहुतेक घरांना हे कळायला वीस-पंचवीस वर्षं जातात, कारण घरात त्या अधिकाराची गरजच पडत नाही. आंघोळ घालायला, ताट वाढायला, दाढी करून द्यायला कोणी कागद मागत नाही. कागद मागितला जातो तो पैशाची गोष्ट निघाली की.

आमच्याकडे तो मागितला गेला आई गेल्यावर. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, आणि आईनंतर ते दादाला मिळायला हवं होतं. जे अपत्य बौद्धिक अक्षमतेमुळे स्वतः कमवू शकत नाही, त्याला हयातभर ते मिळतं, असा नियम आहे. नाना हे आम्हाला नेहमी सांगायचे. दादाची त्यांनी केलेली सगळी तजवीज या एका वाक्यात होती. पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं, एवढं मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी कचेरीत गेले आणि म्हटलं, "मी त्याची सख्खी बहीण आहे." टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "ताई, ते दिसतंयच. पण ते कागदावर आणा."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. त्याला घड्याळ कळत नाही, पण संध्याकाळची एसटी उशिरा आली की तो कंडक्टरला जाब विचारतो. गावातल्या कार्यशाळेत तो खाकी पाकिटं चिकटवतो, दिवाळीआधी पणत्या रंगवतो. सही करतो ती अशी: आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतो, पट्टी लावल्यासारखी सरळ, मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवतो. अक्षरं संपतात आणि रेघ उरते. कधी शेवटचं अक्षर विसरतो, कधी दोनदा काढतो. बँकेत म्हणाले, सही जुळत नाही, अंगठा घ्या. दादाने अंगठा द्यायला साफ नकार दिला. "मला येते सही," एवढंच तो म्हणत राहिला, आणि रांगेतली माणसं माझ्याकडे बघत राहिली.

ज्यांना हा कागद काढायचा आहे त्यांच्यासाठी थोडं सरळ सांगते. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, त्या काळच्या भाषेत मतिमंदत्व, आणि बहुविकलांगता, अशा चार प्रकारच्या अवस्थांसाठी तो आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही. आईवडील, नातेवाईक, किंवा नोंदणी झालेली संस्था अर्ज करू शकते. समितीत तिघं असतात: जिल्हाधिकारी, या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी, आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती.

ती तिसरी खुर्ची या कायद्यातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे, असं माझं मत झालं आहे. आमच्या सुनावणीत पहिल्या दोघांनी मला प्रश्न विचारले. उत्पन्न किती, घर कोणाच्या नावावर, लग्न झालंय का, नवऱ्याची हरकत नाही ना. (नवऱ्याच्या हरकतीचा कायद्यात कुठेही उल्लेख नाही, पण प्रश्न आला.) दादा शेजारच्या खुर्चीत बसून छताचा पंखा बघत होता. तिसरे सदस्य चाकाच्या खुर्चीत होते, साधारण दादाच्याच वयाचे. त्यांनी खुर्ची वळवून दादासमोर आणली आणि विचारलं, "तुमचे पैसे बहिणीनं सांभाळले तर चालेल का?"

दादाने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "सांभाळू दे. पण कपाटाची चावी माझ्याकडे."

सगळे हसले. ते सदस्य हसले नाहीत. त्यांनी कपाटात काय आहे ते विचारलं, दादाने सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

कायदा समितीला ठरवायला सांगतो की या माणसाला पालक हवाच आहे का, आणि हवा असेल तर नेमका कशासाठी. वाचायला हे फार छान आहे. प्रत्यक्षात, निदान मी ज्या घरांचे अर्ज पाहिले त्यांत, पालक हवाच हे गृहीत धरलेलं असतं आणि 'कशासाठी' याचं उत्तर 'सगळ्यासाठी' असतं. माझ्या प्रमाणपत्रावर व्यक्ती आणि मालमत्ता दोन्ही आली आहेत. मला हवी होती फक्त निवृत्तिवेतनाची आणि बँकेची सोय. मिळाला अख्खा माणूस.

त्यानंतरचा कायदा जास्त सावध आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला, आणि त्याच्याशी जुळवून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. इतर कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालकही यापुढे मर्यादित पालक म्हणूनच वागेल, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे माझा कागद जुना अवतार सांगतो आणि कायदा नवा. बँकेला अर्थातच जुना अवतार आवडतो. एक सही, एक माणूस, विषय संपला.

आता जमिनीबद्दल. नानांच्या नावावर गावाकडे थोडी जिरायत होती. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव लागलं. आमच्या एका काकांनी सुचवलं की दादाचं हक्कसोडपत्र करून घे, त्याला शेतीचं काय करायचंय, पुढे फेरफाराला उगाच अडचण. काका वाईट हेतूने बोलले नाहीत. गावात बहिणींकडून हक्कसोड घेतात तशाच सहजपणे हे सुचवलं जातं. पण क्षणभर विचार करून बघा. दादाला व्यवहार समजत नाही, तेव्हा त्याच्या वतीने सही कोण करणार? मी. हक्क सोडला तर तो कोणाकडे जाणार? माझ्याकडे. देणारीही मी, घेणारीही मी, आणि साक्षीला काका. आपल्याकडे बहुतेक घरांत पालक आणि वाटेकरी हे एकच माणूस असतं. बाहेरचं कोण येणार आहे पालक व्हायला?

कायद्याला हे ठाऊक आहे. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत पालकाने त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची आणि इतर चीजवस्तूंची यादी द्यायची असते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. गैरवागणूक किंवा अफरातफर दिसली तर पालकाला काढून टाकता येतं. मी हिशेब देते. आवक-जावक खिडकीवर शिक्का मिळतो, पोच मिळते. आजवर एकाही वर्षी कोणी एकही प्रश्न विचारलेला नाही. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटायचं. आता वाटत नाही. मी चोरी केली असती तरी पोच अशीच मिळाली असती.

दुसऱ्याची सही ज्याच्या हातात येते त्याच्यावर नजर कोण ठेवणार, हे कोडं महाराष्ट्रात जुनं आहे. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे शाळेत पाठ केलेलं असतं. कशासाठी होते विचारलं तर 'बर्वे प्रकरण' एवढं उत्तर येतं आणि गाडी थांबते. ते प्रकरण होतं कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचं. १८६३ सालचा जन्म, १८७१ मध्ये दत्तक येऊन गादीवर. विशीच्या आतच त्यांना वेड लागल्याचं इंग्रज सरकारने ठरवलं, त्यांना पहाऱ्यात ठेवलं आणि कारभार दिवाण बर्व्यांकडे राहिला. महाराज खरोखर आजारी आहेत, की त्यांचा छळ होतो आहे, की सोय म्हणून त्यांना वेडं ठरवलंय, असा सवाल केसरी आणि मराठा या वृत्तपत्रांनी उभा केला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती बनावट निघाली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि संपादक म्हणून टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांच्या मिरवणुका निघाल्या. महाराज मात्र २५ डिसेंबर १८८३ रोजी नगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर गेले. वय वीस. त्यांना स्वतःला काय म्हणायचं होतं हे विचारणारी तिसरी खुर्ची त्या सगळ्या प्रकरणात कुठेच नव्हती. आपल्या आठवणीतही १०१ दिवस उरले, तो मुलगा उरला नाही.

दादाच्या बाबतीत निदान कायदा आहे. तो नसलेल्या घरांचं काय होतं ते मी आमच्याच आळीत पाहिलं. समोरचे सर हायस्कूलमध्ये मुख्याध्यापक होते. साठीनंतर विसरायला लागले, पुढे स्वतःच्या बायकोलाच, म्हणजे काकूंना, "तुम्ही कोण?" विचारू लागले. निवृत्तीची सगळी रक्कम त्यांच्या एकट्याच्या नावावर मुदत ठेवीत. सुरुवातीलाच कोणीतरी शहाण्या माणसाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवायला सांगितलं होतं आणि काकूंनी ते केलंही होतं. पुढे गरज पडली तेव्हा कळलं की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ढळली की ते मुखत्यारपत्रही संपतं. ज्या दिवसासाठी म्हणून करून ठेवलं, त्याच दिवशी ते रद्द. काही देशांत बुद्धी गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं; आपल्याकडे तशी सोय नाही.

राष्ट्रीय न्यासाच्या चार अवस्थांत स्मृतिभ्रंश बसत नाही. अपघातानंतर कोमात गेलेला माणूस बसत नाही. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बसत नाही. मनोरुग्णासाठी १९८७ च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाने चौकशी करून पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती काढून टाकली. त्याजागी नामनिर्देशित प्रतिनिधी आला, जो रुग्णाने स्वतः निवडायचा असतो. माणसाला निर्णयक्षमता आहे असंच धरून चालायचं, आणि पुढे आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क त्याला द्यायचा, ही त्या कायद्याची भूमिका मला मनापासून पटते. पण तो प्रतिनिधी उपचारांपुरता. फ्लॅटचा मेंटेनन्स, थकलेलं कर्ज, मुदत संपलेली ठेव यांच्याशी त्याचा संबंध नाही. जुनं दार बंद केलं, नवं बसवायचं राहून गेलं.

मग उरतं उच्च न्यायालय. घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली याचिका करायची, आणि ज्याला कोणी नाही त्याचं पालकत्व राजाकडे या जुन्या तत्त्वावर न्यायालय पत्नीला किंवा मुलाला पालक नेमतं. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या माणसांच्या बायकांना असं पालकत्व दिलेलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने तर २०१९ साली कोमातल्या व्यक्तींसाठी रीतसर मार्गदर्शक सूचनाच घालून दिल्या: वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, तहसीलदाराहून कमी दर्जाचा नसलेल्या महसुली अधिकाऱ्याने घरी येऊन पाहणी, पालकाने दर सहा महिन्यांनी अहवाल. कायदेमंडळाने करायचं काम न्यायालयाने आपल्या अंगावर घेतलं, असं म्हणता येईल.

काकूंना मी हे सगळं सांगितलं होतं. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंचही नव्हतं (ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं). मुंबईला जायचं, वकील लावायचा, आणि सरांना एकटं कोणापाशी सोडायचं? त्या गेल्या नाहीत. सरांच्या एटीएम कार्डाचा पिन त्यांना पाठ होता. तेवढ्यावर त्यांनी शेवटपर्यंत निभावलं. ठेवी तशाच पडून राहिल्या, सर गेल्यावर नामनिर्देशनाने हातात आल्या. औषधांसाठी मधल्या काळात काकूंनी पाटल्या मोडल्या होत्या. आपल्याकडे किती घरांत हा चार आकडी पिनच खरा पालक आहे, याची नोंद कुठल्या समितीकडे असणार?

पैशाचं झालं, पण पालकत्व अंगापर्यंत पोचतं तेव्हा प्रश्न वेगळे होतात. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखणं जमत नाही, हे कारण. त्या मुलींचा सांभाळ सरकारकडे होता, आणि सांभाळणाऱ्यांनीच हे ठरवलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्याकडे यावर चर्चा झाली ती दबक्या आवाजात, आणि आई म्हणाली होती, "सोय बघितली त्यांनी." ती त्यांची बाजू घेत होती की शिवी देत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या एका सरकारी निवारागृहातली तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली. तिला बौद्धिक अक्षमता होती, सौम्य ते मध्यम. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं, आणि ते तिने सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आदेश थांबवला: गर्भपाताच्या कायद्यात अज्ञान मुलगी आणि मनोरुग्ण यांच्यासाठी पालकाची संमती चालते, पण बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोविकार नव्हे, तेव्हा संमती तिचीच हवी. निकालाची टीका करणारे म्हणाले, तिला काय कळतंय मूल वाढवणं. मला तो निकाल वाचताना दादाचं "मला येते सही" ऐकू येतं. काय कळतं याची परीक्षा आपण अठरा वर्षांवरच्या इतर कोणाची घेतो?

आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या शुद्धीवर आल्याच नाहीत; १८ मे २०१५ ला जाईपर्यंत त्या तिथेच होत्या. त्यांच्यासाठी दयामरण मागणारी याचिका एका पत्रकाराने केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०११ च्या निकालात दयामरणाचा भाग गाजला. मला त्याच्या अलीकडचा एक भाग जास्त मोलाचा वाटतो. अरुणांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाला, हे न्यायालयाला आधी ठरवावं लागलं. आईवडील उरले नव्हते, आणि इतर जवळच्या नातलगांनी लक्ष घातलं नव्हतं. न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षं रोज त्यांना खाऊ घालणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या, अंगावर व्रण पडू न देणाऱ्या परिचारिका तिथल्या होत्या. पालक कोण, तर जो रोज उठून हे करतो तो. माझ्या अर्जात नात्याचा रकाना होता. रोज काय करता, हा रकाना नव्हता.

दादाकडे परत येते, कारण सगळा कायदा शेवटी घरी येऊन वर्गणीच्या पावतीवर अडतो. गणपतीत दादा मंडळाला स्वतःची वर्गणी देतो, आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त असते. मंडळाची पोरं त्याला 'काका' म्हणतात, मिरवणुकीत ट्रॅक्टरवर बसवतात, आणि पावती फाडताना आकडा मुद्दाम मोठ्याने वाचतात. माझ्या मावसभावाचं म्हणणं आहे की ही सरळ लूट आहे आणि पालक म्हणून मी ती थांबवायला हवी. असेलही थोडी लूट. पण ती पोरं मावसभावाकडून घेतात तीही लूटच, आणि त्याला कोणी थांबवत नाही, कारण त्याच्यावर पालक नेमलेला नाही. बुद्धी शाबूत असलेल्यांना मूर्खपणा करायची मुभा असते. दादाला ती असू नये का? औषधपाणी, जेवणखाण आणि म्हातारपणाची शिल्लक बाजूला काढून उरलेल्यातली ती रक्कम आहे, हे मी तपासते, आणि पुढे बोलत नाही. हिशेबात मी 'सामाजिक खर्च' असं लिहीत होते. हल्ली सरळ 'गणपती वर्गणी, स्वतःच्या मर्जीने' असं लिहिते. कधी कोणी प्रश्न विचारलाच, तर उत्तर तयार आहे.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जातो तेव्हा आता दादा स्वतः सही करतो, त्याखाली मी पालक म्हणून करते. नियमाने माझी एकटीची पुरते. नव्या व्यवस्थापक बाईंनी दोन्ही घ्यायचं ठरवलं आहे, आणि दादाच्या शिरोरेषेसाठी त्या कागदावर जागा सोडतात.

माझ्यानंतर कोण, हे मात्र भिजत घोंगडं आहे. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीत मी तिच्याशी बोलले, तर ती म्हणाली, मामा हो म्हणत असेल तर मी अर्ज करीन. दादाला विचारलं. त्याने या वेळी चावीबिवी काही काढली नाही. तो म्हणाला, ती इथे येऊन राहणार असेल तर चालेल, मी पुण्याला जाणार नाही. कार्यशाळा इथे आहे, मंडळ इथे आहे, एसटीचे कंडक्टर इथे आहेत. त्याची अट बिनतोड आहे. मुलीला कळवलं आहे. तिचं उत्तर अजून यायचंय.